आधी कंबर, मग डोकं

कयाक उलटली की वर दिसतो तो फक्त तिचा गुळगुळीत तळ. स्वार खाली, तळ वर. मग पाण्यातून दोन हात बाहेर येतात, एक या बाजूने, एक त्या बाजूने, आणि तळावर तीन थापा पडतात. धप, धप, धप. थापा मारून झाल्या की तेच हात कयाकच्या दोन्ही अंगांना लागून पुढे-मागे, पुढे-मागे फिरू लागतात. पाण्याखालच्या माणसाला या वेळी धड दिसत नाही, बोलता येत नाही आणि श्वासही घेता येत नाही. तरी त्याने घाबरंघुबरं न होता, एका लयीत हात फिरवत राहावं अशी अपेक्षा असते. कारण तेवढ्यात शेजारचा जोडीदार आपल्या कयाकचं पुढचं टोक त्या फिरत्या हाताशी आणून लावणार, खालच्याने ते टोक पकडायचं आणि त्याच्या आधाराने वर यायचं. या रीतीला 'बो रेस्क्यू' म्हणतात.

कागदावर यात अवघड काही नाही. घोडं अडतं ते तीन थापांपाशी. थापा मारायच्या म्हणजे चारचौघांत मदत मागायची, आणि शिकल्यासवरल्या माणसाला नाकातोंडात पाणी जात असतानाही संकोच सुटत नाही. पहिल्या सरावात बरेच जण एकच थाप मारतात, तीही उगीच कोणाला त्रास नको अशा बेताने. मग प्रशिक्षक त्यांना वर काढून सांगतात, "जोरात मारा हो, प्लास्टिक आहे, फुटत नाही."

काठावरच्या मंडळींना असला संकोच नसतो. पवनेच्या किंवा मुळशीच्या जलाशयावर रविवारी सकाळी असा सराव चालू असला, तर फिरायला आलेली दोन कुटुंबं, एक चहावाला आणि कुठलेतरी एक निवृत्त काका एवढा श्रोतृवर्ग हमखास जमतो. कयाक उलटली रे उलटली की काका ओरडतात, "अहो, मान वर करा! आधी मान वर करा!" त्यांच्या कळकळीबद्दल शंका नाही. पण पालथ्या पडलेल्या माणसाला देता येतील तेवढ्या सल्ल्यांपैकी सगळ्यात चुकीचा सल्ला हाच. नशीब एवढंच की पाण्याखाली तो ऐकू येत नाही.

माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. ते पाण्यात असेपर्यंत त्याचा भार पाणीच पेलतं. पाण्याबाहेर काढलं की ते पाच किलो पूर्णपणे पाच किलो होतात, तेही अंगाच्या पार टोकाला. शिवाय मान वर उचलताना कमरेखालचं शरीर नकळत उलट दिशेने पीळ घेतं आणि जेमतेम सुलटू लागलेली कयाक परत पालथी घालतं. म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी कंबर आणि गुडघ्याच्या झटक्याने कयाक सरळ करायची, मग धड वर आणायचं आणि डोकं सगळ्यात शेवटी. बो रेस्क्यूत टोक धरलेल्या हातांवर गाल टेकवून ठेवायला सांगतात ते यासाठीच. गाल हातावर राहिला तर डोकं पुढे पुढे करत नाही.

आयुष्यभर 'डोकं वापर, डोकं वापर' ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे पचायला जड जातं. फुप्फुसं हवा मागत असतात, तोंड पृष्ठभागापासून वीतभर खाली असतं आणि अशा वेळी त्याला सांगितलेलं असतं की डोकं राहू दे, कंबर हलव. दहा-बारा वर्षांची पोरं पाहता पाहता हे शिकतात. त्यांच्याच शेजारी त्यांचे वडील आठव्यांदा मान वर काढतात, अर्धा श्वास घेतात, तेवढ्यात हातातलं टोक सुटतं आणि ते परत खाली जातात.

ही विद्या मूळची आर्क्टिक प्रदेशातली. ग्रीनलंडचे इनुइट शिकारी सीलच्या मागावर कयाकमधून जात. तिथे झाडं वाढत नाहीत, म्हणून समुद्रातून वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर शिवलेलं सीलचं कातडं अशी त्या होडीची घडण. अंगात 'तुइलिक' नावाचा कातड्याचा डगला. तो चेहऱ्याभोवती आणि मनगटांवर आवळलेला, खाली कयाकच्या तोंडाशी घट्ट बांधलेला. शिकारी कयाकमध्ये बसत नसे, तो ती नेसत असे म्हटलं तरी चालेल. त्यांच्यातल्या अनेकांना पोहता येत नव्हतं आणि त्या बर्फाळ पाण्यात पोहता येऊनही फारसा उपयोग नव्हता. होडीतून बाहेर पडणं म्हणजेच मरण. त्यामुळे उलटल्यावर आतच बसून परत वर येणं, ज्याला आज 'रोल' म्हणतात, ही तिथे रोजीरोटीची गरज होती.

गरज असल्यामुळे तिचे प्रकारही उदंड झाले. वल्हं हातात असेल तर एक, वल्हं वाहून गेलं तर भाला फेकायच्या काठीने दुसरा, काठीही गेली तर नुसत्या हाताने, हात अडकला असेल तर कोपराने. ग्रीनलंडमध्ये आजही कयाकच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात आणि रोलच्या यादीत तीसहून अधिक प्रकार असतात. त्यांत हातांची घडी घालून वर येण्याचा प्रकार आहे आणि जड दगड हातात धरून वर येण्याचाही आहे. ज्याला रिकाम्या हातांनीही वर येता येत नाही, त्याने ही यादी पूर्ण वाचू नये.

पुस्तक वाचून पोहता येत नाही, हे मराठी माणूस शाळेत असल्यापासून ऐकत आलेला आहे. हान्स एदुआर्द पावलाटा नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाने ते बहुधा ऐकलेलं नसावं. त्याच्या आसपास रोल शिकवणारं कोणी नव्हतं. होती ती ध्रुवप्रदेशात हिंडून आलेल्या प्रवाशांची पुस्तकं आणि त्यांतली त्रोटक वर्णनं. ती वाचून, मनाशी जुळवून, पाण्यात जाऊन त्याने प्रयोग केले आणि 30 जुलै 1927 रोजी ऑस्ट्रियातल्या वाइसेनसे तलावात तो कयाकसकट पालथा होऊन कयाकसकट वर आला. हे जमवणारा पहिला युरोपीय म्हणून त्याची नोंद आहे आणि वल्ह्याचं एक टोक हातात धरून वर येण्याची त्याची पद्धत अजून त्याच्या नावाने शिकवली जाते.

जिनो वॉटकिन्स या इंग्रज तरुणाचे गुरू मात्र अस्सल होते. 1930-31 सालच्या ब्रिटिश मोहिमेचं नेतृत्व करताना तो ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून कयाक आणि रोल दोन्ही शिकला आणि दोन्हींत चांगला तयार झाला. 20 ऑगस्ट 1932 रोजी तो ग्रीनलंडमध्येच एकटा सीलच्या शिकारीला गेला. त्याची रिकामी कयाक सापडली, तो कधीच सापडला नाही. वय 25. नेमकं काय घडलं ते पाहायला शेजारी दुसरी कयाक नव्हती.

कयाकची कोणतीही शाळा जोडीदाराशिवाय पाण्यात उतरू देत नाही ती उगीच नाही. रोल हा स्वतःच्या भरवशाचा मामला, आणि भरवसा नेमका थकलेल्या वेळी दगा देतो. मग उरतो तो शेजारी.

समजा थापा वाजवल्या, हात फिरवले, कोणी आलं नाही आणि दम संपला. तेव्हा कमरेभोवतीच्या, कयाकचं तोंड झाकणाऱ्या स्प्रे स्कर्टचा पुढचा पट्टा ओढायचा, स्कर्ट सुटतो, पाय मोकळे होतात आणि माणूस पाण्यावर येतो. हा पट्टा बसतानाच चुकून आत खोचला गेला तर तो ऐन वेळी सापडत नाही, म्हणून किनारा सोडण्यापूर्वी तो बाहेर आहे ना हे जोडीदाराने एकदा बघायचं असतं. वर आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. इथे देवाचं नाव घेतील, बायकामुलांची आठवण काढतील अशी कल्पना असेल तर ती सोडून द्यावी. मराठी माणूस वर आला की विचारतो, "माझा चष्मा?"

वाचवायला आलेल्याने चष्म्याच्या नादी लागायचं नसतं. त्याने मोठ्या, स्पष्ट आवाजात सांगायचं असतं, "कयाक सोडू नका. वल्हं सोडू नका. पुढच्या टोकाशी या." पाण्यात एकट्या डोक्यापेक्षा कयाक कितीतरी लांबून दिसते आणि ती तरंगतेही. थंड पाण्याच्या देशांत घाई करायला आणखी एक कारण असतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी त्यासाठी एक-दहा-एक असा हिशेब लोकांच्या तोंडी बसवला. बर्फगार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि गारठून शुद्ध हरपायला सुमारे एक तास. आपल्या जलाशयांत हा हिशेब एवढा कडक नाही. इथे माणूस गारठण्याआधी ओशाळतो.

पुढचं काम दोघांनी मिळून करायचं. वाचवणारा उलटलेल्या कयाकचं टोक आपल्या कयाकच्या अंगावर आडवं ओढून घेतो, दोन्ही मिळून इंग्रजी टी अक्षर होतं, म्हणून हा 'टी रेस्क्यू'. पाणी भरलेली कयाक सहज शंभर लिटर पाणी पोटात घेऊन असते, म्हणजे शंभर किलोचा बिनभाड्याचा प्रवासी. टोक उचललं की ते बहुतेक वाहून जातं. मग कयाक सुलटी करायची आणि आपल्या कयाकला समांतर आणायची, एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. आता वाचवणाऱ्याने त्या कयाकवर छातीनिशी ओणवं होऊन तिच्या तोंडाला घट्ट मिठी मारायची. दोन डुगडुगत्या होड्या एकमेकींना बांधल्या गेल्या की त्यांचा एक पक्का तराफा होतो, हे या पद्धतीचं मर्म. यात वीरश्रीला वाव नाही. सगळी शोभा दुसऱ्याची होडी दाबून निमूट पडून राहण्यात आहे.

चढणाऱ्याकडे मात्र शोभा म्हणून काही उरत नाही. पॅसेंजर गाडीच्या वरच्या बर्थवर मध्यरात्री चढणाऱ्या जाडजूड प्रवाशाची जी अवस्था होते, तीच इथे, फक्त बर्थ हलता आणि ओला. तो पाय मारत मागच्या बाजूवर छाती टाकतो. लाइफ जॅकेटचं बक्कल कयाकवरच्या दोरीत अडकतं. ते सोडवेपर्यंत पोट घसरतं. परत पाय मारायचे. मग तोंड मागच्या टोकाकडे ठेवून पाय आत सारायचे आणि पोटावरून हळूहळू वळत, वाचवणाऱ्याकडे तोंड करत बूड जागेवर आणायचं. वळताना दोघांची नाकं जवळजवळ टेकतात. त्या क्षणी काय बोलावं हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. बहुतेक जण "सॉरी हं" म्हणतात.

आणि इथेच नवशिका मदतनीस हमखास फसतो. माणूस आत बसला, काम झालं असं समजून तो मिठी सोडतो. आतल्याच्या कयाकमध्ये अजून घोटाभर पाणी हिंदकळतंय, स्प्रे स्कर्टची मागची बाजू बसलीय पण पुढची दर वेळी सुटतेय, वल्हं हातात नाही. मिठी सुटली की तो दुसऱ्या बाजूला उलटतो. या वेळी थापा चांगल्या जोरात वाजतात. म्हणून नियम असा की पंपाने पाणी काढून झालं, स्कर्ट बसला, वल्हं हातात आलं आणि समोरच्याने स्वतः "सोडा" म्हटलं, की मगच सोडायचं. सरावलेली जोडी दोन-तीन मिनिटांत हे उरकते. अर्धवट सरावलेल्या जोडीचा तेवढा वेळ वाचवणाऱ्याचं वाहून गेलेलं वल्हं शोधण्यात जातो.

वाचवणारा स्वतःच उलटला तर? त्याचीही सोय आहे. सगळेच पाण्यात पडले असतील तर एक उलटी कयाक आधाराला धरून दुसरीत कोणीतरी चढायचं आणि मग त्याने बाकीच्यांना काढायचं, याला 'ऑल-इन रेस्क्यू' म्हणतात आणि तो रीतसर शिकवतात. बेशुद्ध माणसासाठी वेगळी पद्धत आहे. तिथे थापांची वाट न बघता उलट्या तळावर ओणवं होऊन पलीकडची कड पकडायची आणि कयाक माणसासकट खेचून सुलटी करायची. तिचं नाव 'हँड ऑफ गॉड', काम हमालीचं.

गोव्यात पाळोळ्याला किंवा मालवणात तारकर्लीला पर्यटकांना जी कयाक मिळते तिच्यात हा सारा खटाटोप नसतो. ती वर बसायची कयाक. तिला स्कर्ट नाही, आत अडकायला पोकळी नाही, आलेलं पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं. उलटली की माणूस सरळ पाण्यात पडतो, मग ती सुलटी करायची, पाय मारत पोटावर चढायचं, कूस बदलून बसायचं, संपलं. फक्त ती दोन जणांची असेल तर हे पाण्यातलं काम राहत नाही, संसारातलं होतं. एकाने एका बाजूने धरायचं आणि दुसऱ्याने समोरच्या बाजूने चढायचं, हे साधं सूत्र. पण दोघंही एकाच बाजूने चढू बघतात आणि कयाक पुन्हा त्यांच्या अंगावर येते.

"अहो, तुम्ही आधी चढा."

"नको, तू आधी."

"मी म्हणतेय ना, चढा!"

अहो चढतात, तोल सांभाळायला पलीकडे कोणीच नसतं, आणि तिसऱ्यांदा धप्प. शेवटी लाइफ जॅकेट घातलेला स्थानिक पोरगा वल्हवत येतो, पलीकडची कड धरतो आणि सांगतो, "आधी ताई." एवढ्या दोन शब्दांत प्रश्न सुटतो.

कोलाडला कुंडलिकेत मात्र वाद घालायला सवड नसते. तिथलं सकाळचं जोरकस पाणी भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून आलेलं. हे केंद्र 1927 सालीच सुरू झालं, म्हणजे पावलाटा ज्या वर्षी तलावात पालथा होत होता त्याच वर्षी. मुळशी धरणाचं पाणी डोंगरातून खाली येऊन वीज तयार करतं आणि कुंडलिकेला मिळून रेवदंड्याच्या खाडीकडे निघतं. वीज तयार होत असेल तर लाटा, नाही तर खडक. अशा धावत्या पाण्यात कयाकमधून बाहेर पडलेल्याने पाठीवर तरंगत पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवायचे, म्हणजे खडक आला तर बुटाला आधी लागेल. काठावरून दोरीची पिशवी येते. दोरी हाताला गुंडाळायची नाही, छातीशी धरून खांद्यावरून घ्यायची आणि दोरीकडे तोंड न करता पाठीवरच राहायचं. फेकणाऱ्याची पहिली फेक चुकली तर त्याने दोरी गोळा करून परत फेकायची असते. या वेळातही काठावर कोणीतरी "माझ्याकडे द्या, मी फेकतो" म्हणतच असतं.

उलटण्याची नामुष्की ऑलिंपिकने आता कायद्यात बसवली आहे. सलालम शर्यतीत उलटून रोल मारून पुढे गेलं तर चालतं, पण कयाक सोडून बाहेर आलात की फेरी तिथेच संपते, आणि टांगलेल्या काठ्यांच्या फाटकातून उलट्या डोक्याने गेलात तर वेळेत 50 सेकंदांची भर पडते. 2024 साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा 'कयाक क्रॉस' खेळली गेली. त्यात चार जण उंच रॅम्पवरून कयाकसकट एकदम पाण्यात पडतात, एकमेकांना ढकलतात आणि ठरलेल्या टप्प्यावर प्रत्येकाने एकदा पालथं होऊन वर यावंच लागतं. पालथं न झाल्यास शिक्षा. महिलांत ऑस्ट्रेलियाच्या नोएमी फॉक्सने सुवर्णपदक घेतलं, पुरुषांत न्यूझीलंडच्या फिन बुचरने. नोएमीची थोरली बहीण जेसिका त्याच स्पर्धेत दोन सुवर्णपदकं आधीच घेऊन बसली होती, त्यामुळे त्या घरात पालथं पडण्याची भीती कोणाला उरली असेल असं वाटत नाही.

खळाळत्या नद्यांवरच्या कयाकवाल्यांनी मात्र स्वतःचा वेगळा कायदा करून ठेवला आहे. ज्याचा रोल फसला आणि ज्याला होडी सोडून पोहत यावं लागलं, त्याने संध्याकाळी सर्वांसमोर दंड भरायचा. दंड म्हणजे नदीत दिवसभर भिजलेल्या रबरी बुटात ओतलेली बिअर, एका दमात. अनेक देशांतल्या नद्यांकाठी ही प्रथा आजही पाळली जाते. वाचवणारे या वेळी बूट निवडण्यासाठी ज्या आस्थेने एकमेकांच्या पायांकडे बघतात, ती आस्था त्यांनी सकाळी दोरी फेकताना दाखवली असती तर पोहायची वेळच आली नसती, असं दंड भरणाऱ्याचं म्हणणं असतं. ते कोणी ऐकून घेत नाही. बिअर न घेणाऱ्याला सवलत मागता येते. सरबत चालतं, कोकम सरबतही चालेल, कोणी आग्रहच धरला तर चहासुद्धा. पेय बदलून मिळतं. बूट बदलून मिळत नाही.